पडद्यामागची ताई

विमानतळावर बायकांची झडती पडद्याआड व्हायची. तिथल्या पोलीसबाईला सगळ्या प्रवासी 'ताई'च म्हणत. "ताई, लवकर करा हो." "ताई, गुदगुल्या होतात." दिवसभर लोकांना आभाळात पाठवता पाठवता तिचे पाय मात्र जमिनीवर सुजत.

त्या दिवशी पडदा सरकला आणि आत आली तिची सख्खी धाकटी बहीण. नवऱ्याकडे परदेशी निघालेली, मनगटात आईच्या सोन्याच्या बांगड्या. नात्यातल्या माणसाची झडती दुसरीने घ्यायची, असा नियम होता. पण ताईची नजर बांगड्यांवरून हलेना. आईचं दुखणं काढलं ताईने, अंथरुणं धुतली ताईने, आणि बांगड्या धाकटीला!

"या कधी दिल्या आईने?"

"परवा. तुला बोलली नाही? म्हणाली, मोठीला कामावर कुठे घालता येतात."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पडदा सारून ती बाहेर उभ्या साहेबांना म्हणाली, "हिला बाजूला घ्या. संशय आहे."

तिचा एवढा शब्द पुरायचा. कसला संशय, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. धाकटीला आतल्या खोलीत बसवलं, फोन आणि पासपोर्ट काढून घेतला. काचेपलीकडे माणसं विमानात चढू लागली.

"मला का थांबवलंय?" धाकटीने मान ताठ ठेवून विचारलं. "कारण न सांगता असं अडकवून ठेवता येत नाही, साहेब."

"कारण ताई सांगतील. ओळखता का एकमेकींना?"

दारात उभ्या ताईच्या तोंडचं पाणी पळालं. हो म्हटलं की नोकरीवर गदा.

धाकटीने तिच्याकडे एकदा पाहिलं. "नाही. ताई, तुम्हीच सांगा ना, माझं काय चुकलं?"

तुम्ही! झिंज्या उपटून भांडतानाही ही 'तू'च म्हणायची. आणि आता हे परकेपण कशासाठी, तर ताईची नोकरी वाचावी म्हणून. चांगुलपणातही मेली वरचढ! तेवढं मात्र ताईला सोसवेना.

"बहीण आहे माझी, साहेब. संशय नव्हता, जळफळाट होता." टेबलावरचा पासपोर्ट आणि फोन धाकटीच्या हातात कोंबत ती ओरडली, "बघतेस काय अगं, पळ!"

"आणि तू?"

"मी कुठे जाणार? आहे इथेच."

बांगड्या किणकिणत दाराबाहेर गेल्या. साहेबांनी तीच खुर्ची ताईपुढे सरकवली.

"बसा ताई. आता सगळं नीट सांगा."