माणसं गोळा करणारी नोएलीन

नोएलीन ट्रिगला प्रत्यक्ष पाहण्याआधी कित्येक वर्षं मी तिचा आवाज ओळखत होते. संध्याकाळचं दूध काढून झालं की माझा नवरा रेक्स बूट काढून कॉम्प्युटरवर खेळायला बसायचा, आणि मी बटाटे सोलताना स्पीकरमधून तिचं बोलणं ऐकायचे.

ती नदीपलीकडे, गावाच्या सखल भागात, खांबांवरच्या लाकडी घरात एकटी राहायची. अर्धं आयुष्य मांसाच्या कारखान्यात पॅकिंग करण्यात गेलेलं, नवरा आल्फ वारलेला. अतिशय भित्री बाई. दुकानदाराने भलताच पाव दिला तरी निमूट घरी घेऊन यायची. पण खेळात शिरली की वेगळीच. त्या खेळात भुयारात उतरायला पाच जण लागतात: एक पुढे राहून मार खाणारा, एक जखमा बांधणारा, बाकीचे लढणारे. नोएलीन किल्ल्याच्या दारात उभी राहून ही माणसं जमवायची.

"वेंडी, येतेस का? पाठ कशी आहे तुझी? रेक्स, गाय व्यायली का? मग ये की लवकर."

पाचवा मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा आणि तेवढ्यात सगळ्यांच्या घरच्या गोष्टी निघायच्या. आमचा गोठा नदीच्या वळणावर आहे, लाल टाकीशेजारी, हे रेक्सने तिला अशाच एका संध्याकाळी सांगितलं होतं.

मग कंपनीने खेळात एक बटण आणलं. ते दाबलं की कॉम्प्युटरच चार अनोळखी माणसं शोधून देतो आणि थेट भुयारात सोडतो. रेक्स खूश झाला.

"अगं, चहा निवायच्या आत उरकतं. कुणाची मनधरणी नको."

"आणि ती पाठ विचारणारी बाई?"

"असेल कुठेतरी," तो म्हणाला.

तिचा आवाज आमच्या घरात यायचा थांबला. तिनेही ते बटण दाबून पाहिलं होतं, हे मला पुढे कळलं. भुयारात दोन वाटा फुटल्या तिथे ती थांबली आणि कुठून जायचं असं तिने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. पडदा काळा झाला आणि ती एकटी बाहेर उभी होती. चौघांनी मत देऊन तिला काढलं होतं.

"शिवी दिली असती तरी चाललं असतं गं," ती मला म्हणाली. "त्यांनी मला फळ्यावरून पुसावं तसं पुसलं." त्यानंतर ती बटणाजवळ नेलेलं बोट मागे घ्यायची.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता नदी चढली. याआधीही चढली होती, पण अशी नाही. उजाडलं तेव्हा नोएलीनच्या घराचा जिना बुडालेला होता आणि वीज गेलेली. मदतीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज नुसता थांबा म्हणत होता. शेजारी आदल्या दिवशीच निघून गेले होते. ही घर सोडायला घाबरली म्हणून मागे राहिली. फळीफळीतून पाणी वर यायला लागलं तशी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढून बसली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मोबाइलचं इंटरनेट अजून चालू होतं. तिला माणसं शोधायची दुसरी जागाच माहीत नव्हती. तिने खेळ उघडला. ओळखीची सगळी नावं करडी. एकही जण आत नव्हता.

मग तिने ते बटण दाबलं.

चार अनोळखी आले. तिने लिहिलं, मी पुरात अडकले आहे, कुणीतरी मदत पाठवा. एकाने लिहिलं, "नवीन बहाणा आहे." दुसऱ्याने, "नाटक पुरे, चल." आणि तिला पुन्हा काढलं.

ती ओट्यावर रडत बसली असताना पडद्यावर एक ओळ उमटली. "तू म्हणालीस ते खरं होतं का?" चौघांतलीच एक होती ती. मकरेटा तिचं नाव, समुद्रापलीकडे न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. तिने पत्ता घेतला, आणि विचारलं, जवळपास ओळखीचं कोण आहे? नोएलीनला एकच नाव सुचलं. रेक्स. आडनाव ठाऊक नाही. गायींचा गोठा, लाल टाकी, नदीचं वळण.

मकरेटाने आमच्या भागातला दूध संघ शोधून तिथे फोन लावला. तिथल्या माणसाने आमचा नंबर दिला. गोठ्यासाठी जनरेटर चालू होता, म्हणून आमचा फोन जिवंत होता. मी उचलला.

"बाई, तुमचा नवरा खेळात लोखंड्या हे नाव घेऊन असतो का?"

मला वाटलं कुणी थट्टा करतंय. मग तिने सगळं सांगितलं. खिडकीतून नदी दिसत होती. तपकिरी पाण्यातून ओंडके, सिलिंडर, एक मेलेलं वासरू चाललं होतं. रेक्स गायी टेकडीवर नेऊन नुकताच आत आला होता, अंगातून पाणी निथळत होतं. क्षणभर वाटलं, याला सांगूच नये. सांगितलं.

"होडी काढतो," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? ती मासे धरायची होडी आहे. पाण्याखाली सगळी काटेरी कुंपणं आहेत."

"कुंपणं मला माहीत आहेत. निम्मी मीच घातलीत."

"तू त्या बाईला कधी पाहिलंसुद्धा नाहीस, रेक्स."

तो बूट चढवत होता. "मला निमोनिया झाला होता ना, तेव्हा रोज विचारायची ती," एवढंच म्हणाला.

इंजिनचा आवाज पावसात लगेच विरला. मी फोन कानाला लावून उभी राहिले. नोएलीन जे लिहील ते मकरेटा मला वाचून दाखवायची. पाणी ओट्याला लागलं. फ्रिज आडवा झाला, तरंगतोय. मग, पायांना लागतंय.

"तिला सांगा तो निघालाय," मी म्हणाले.

"सांगितलं. पुनःपुन्हा सांगतेय."

मग मकरेटाचं वाचणं थांबलं.

"काय लिहिलंय?"

"काहीच नाही. नाव करडं झालंय."

तिकडे मकरेटाचा श्वास ऐकू येत होता, इकडे छपरावरचा पाऊस. आपण एका माणसाला वाचवायला दुसरा घालवला, हे माझ्या डोक्यातून जाईना. मकरेटा म्हणाली, "मी फोन ठेवत नाहीये हं." तिने ठेवला नाही.

दुपार उलटून गेल्यावर गोठ्यामागून कुणीतरी हाक मारली. रेक्स चालत येत होता, कपाळ फुटलेलं, आणि त्याच्या कोटात गुंडाळलेली एक बुटकी बाई त्याला धरून होती. होडी आमच्याच कुंपणात अडकून फाटली होती. शेवटचा टप्पा दोघं तारेला धरून पाण्यातून आले होते. नोएलीनच्या तळहातांची कातडी सोलून निघाली होती.

"आली," मी फोनमध्ये म्हणाले. "दोघंही आले." पलीकडून फक्त हुंदका ऐकू आला.

नोएलीन आमच्याकडे हिवाळा संपेपर्यंत राहिली. तिचं घर उभं होतं, पण ती त्यात पुन्हा गेली नाही. आता तिने टेकडीवर दोन खोल्या घेतल्या आहेत. आमच्या जेवणाच्या टेबलावरूनच तिने पुन्हा माणसं जमवायला सुरुवात केली. मकरेटा जखमा बांधते. रेक्सला घाई असली की तो अजून बटण दाबतो आणि नोएलीन त्याला टोमणे मारते.

तिची भीती मात्र गेली नाही. माझीही नाही. परवा ती जेवायला आली होती. भर दुपारी पत्र्यावर जोराची सर आली. नोएलीनने काटा खाली ठेवला, उठून बूट घातले आणि हल्ली सतत भरून सोबत ठेवते ती बॅग मांडीवर घेऊन दाराशी बसली. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. रेक्सने तिघांची ताटं तिकडेच आणली.