निळ्या ठिपक्याच्या चिंबोऱ्या

आधी कपातला चहा संपवा, मग सांगते. मागे हीच गोष्ट सांगताना आमच्या शाळेतल्या एका बाईंना असा ठसका लागला की त्यांची नवी साडी वाया गेली. आणि हो, मधल्या भागात हसायचं नाही. तिथे मला अजून हसू येत नाही.

तर काय, मी परदेशात जाऊन शास्त्राचा एक प्रयोग खाल्लाय! बिघडवला नाही, फसवला नाही. खाल्ला! भाताबरोबर, बोटं चाटून!

थांबा, पहिल्यापासून सांगते. गोष्ट सत्तरच्या आसपासची. मी मुंबईत होस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होते, विषय प्राणिशास्त्र. आमच्या सरांनी एक दिवस वर्गात येऊन जाहीर केलं की काही विद्यार्थ्यांना दूरच्या एका बेटावर न्यायचंय. तिथे एक गोऱ्या बाई समुद्रकाठच्या जीवांवर संशोधन करतात. त्यांच्या हाताखाली दोन महिने बेटावरची झाडं, पक्षी, किनारा, सगळं अभ्यासायचं. बेटाचं नाव सांगून उपयोग नाही. नकाशात ते छापणाऱ्याच्या हातून शाई सांडावी तेवढंच आहे.

आणि त्या यादीत माझं नाव! समुद्राचा अभ्यास करायला कोण निघालं? लोधिवलीची शालू! आमच्या खालापूर तालुक्यात समुद्र म्हणजे पावसाळ्यात भाताच्या खाचरात साठतो तेवढाच.

बाबा मोहोपाड्याच्या एका कारखान्यात हेल्पर होते. त्यांची छाती फुगली. पण माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते तयार होईनात.

आता आबा आणि बाबा यांच्यात एक कोंबडी होती. हसू नका, खरंच होती. आमच्या आळीत सगळ्यांच्या कोंबड्या मोकळ्या फिरायच्या. एकीची दुसरीत मिसळू नये म्हणून ज्याने त्याने आपल्या कोंबडीच्या पिसांना रंग लावायचा. आमच्या कोंबड्यांना कपड्यांची नीळ. आमच्या घरात दुसरा कुठला रंग असणार? आबांच्या कोंबड्यांना लाल गेरू. मी लहान असताना एकदा पावसात आबांच्या एका कोंबडीचा गेरू धुऊन गेला आणि आईने ती नीळ धुऊन गेलेली आपलीच कोंबडी समजून कापली. झालं! दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत, पण वर्षभर बोलणं नाही. त्याच वर्षी आजी गेली, तर दोघे भाऊ तिच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि एकमेकांकडे बघितलं नाही. मला ते अजून दिसतं.

तेव्हापासून बाबांनी आम्हाला कायदाच घालून दिला. "निळा दिसला तर आपली. नाय दिसला तर सोन्याची आसली तरी हात लावायचा नाय." हा कायदा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर जायच्या आधी विहारात सगळी मंडळी जमली. त्रिशरण, पंचशील झालं. मग आबा उठले.

"बाल्या, पोर समुद्रापार चालली. तितं काय इपरीत झालं तर नाक आपलं जाईल. मंग धाकटीला कोन करील?"

धाकटी म्हणजे माझी बहीण कमळ. तेव्हा ती मॅट्रिकला होती. आबांनी तिच्यासाठी पनवेलकडचं एक स्थळही बघून ठेवलं होतं.

बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, ही नीट परत आली तर कमळीला पन कालेजात घालीन. आन काय वाकडं झालं तर मंग तुमी म्हनाल तसं. लावू लगीन."

बोलून गेले. चारचौघात दिलेला शब्द. कमळ खांबाला टेकून उभी होती, तिने फक्त माझ्याकडे बघितलं. तिचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या गळ्यात बांधून मला समुद्रात सोडत होते हो!

हायवेवर एस.टी.ची वाट बघताना ती म्हणाली, "ताई, समुद्रातलं कायतरी आन गं माझ्यासाठी. दगड चालंल."

म्हटलं, दगड कशाला, चांगलं काहीतरी आणते.

बोटीवर मी काय केलं? ओकले. मुंबई दिसेनाशी झाल्यापासून बेट दिसेपर्यंत मी समुद्राचा अभ्यास केला तो कठड्यावरून खाली वाकून. बेटावर उतरवलं ते दोघांनी धरून. पुढचे दोन दिवस मी झोपडीत आडवी. जमीन हलत होती, मी काय करणार? आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत बाईंनी बाकी सगळ्यांना किनाऱ्यावर नेऊन आपला प्रयोग समजावून सांगितला. मी ऐकलं नाही. मला कुणी नंतर सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. सगळी आग तिथेच लागली.

बरी होऊन उठले, तर माझी स्वयंपाकाची पाळी. पोरं डब्यातले घेवडे खाऊन कंटाळली होती. म्हटलं, बघावं काही मिळतंय का, म्हणून किनाऱ्याच्या झाडीत गेले. आणि बघते तर काय! जमिनीत बिळं आणि बिळांच्या तोंडाशी चिंबोऱ्या, तुम्ही खेकडे म्हणता त्या! तळहाताएवढ्या! काहींच्या पाठीवर निळा ठिपका, काहींच्या पाठीवर लाल.

आता खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? बेटावर झोपड्या दोन. एक आमची, एक बाईंच्या हाताखालच्या गोऱ्या मुलांची. आमच्या दाराशी निळी बादली, त्यांच्या दाराशी लाल. मला वाटलं, किती शहाणी माणसं! दोन्ही घरांनी चिंबोऱ्या मोकळ्या सोडल्यात आणि भांडण नको म्हणून रंग लावलाय. अगदी आमच्या आळीसारखं! परक्या मुलखात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

मग काय! पाताळगंगेच्या ओढ्यांत लहानपण गेलेलं. बिळात हात घालायचा, मागून पाठ धरायची, नांगी लागायच्या आत बाहेर. निळी दिसली की पातेल्यात. एक लाल चुकून हातात आली, तर तिला उचलून पार त्यांच्या झोपडीच्या दिशेला नेऊन सोडली. बाबांचा कायदा! समुद्र ओलांडला म्हणून काय झालं?

आईने दिलेला मसाला होता, बेटावर नारळ होते. असा रस्सा झाला म्हणता! बाईंनी तीनदा मागून घेतला. घाम पुसत, नाक ओढत खाल्ला. आमचे सर शाकाहारी, ते पाव-लोणचं घेऊन कोपऱ्यात बसले होते. वाचले बिचारे.

चिंबोऱ्यांच्या पाठी, म्हणजे वरची कवचं, मी टाकल्या नाहीत. शिजवायच्या आधीच काढून स्वच्छ धुतल्या आणि झोपडीमागच्या बांधावर ओळीने उन्हात ठेवल्या. कमळसाठी हो! दगडापेक्षा बऱ्या. निळा ठिपका तर किती शोभून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई किनाऱ्यावरून ओरडतच आल्या. "गेल्या! सगळ्या निळ्या गेल्या! एकही नाही!" त्यांचा चेहरा असा खुलला होता की काय सांगू. सगळे धावले, टाळ्या वाजल्या. बाई म्हणाल्या, "डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर चला! निळ्या तिथे सापडतील!"

मी काय समजले असेन? मी समजले, रस्सा आवडलाय! निळ्या संपल्या म्हणून आणखी आणायला निघालेत! माझा ऊर भरून आला. मी पातेलं घेतलं, मसाल्याचा डबा पदराखाली घेतला आणि सगळ्यांच्या पुढे निघाले.

सरांनी विचारलं, "शालिनी, पातेलं कशाला?"

"लागेल ना सर."

सर बाकीच्या पोरांकडे वळले. "बघा! नमुने गोळा करायला भांडं घेऊन आलीय. याला म्हणतात शिस्त!"

पलीकडे गेलो. उन्हात दिवसभर शोधलं. निळी एकही नाही. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला इतकं वाईट वाटलं! एवढी मोठी बाई, आणि खाण्यावर किती जीव! मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. मी उद्या दुसरं काही छान करेन." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

परत आलो. बाई आमच्या झोपडीमागे हात धुवायला गेल्या आणि बांधापाशी थांबल्या. एक पाठ उचलली, उलटी केली, सुलटी केली. निळ्या ठिपक्यावर अंगठा फिरवला.

"ह्या कुठे मिळाल्या?"

मी हसून सांगितलं, "कालच्या जेवणातल्या, मॅडम. बहिणीसाठी ठेवल्यात. तुम्हाला हवी तर एक घ्या ना!"

इथून पुढे हसायचं नाही.

सरांनी मला बाजूला घेऊन मराठीत सांगितलं तेव्हा मला कळलं. त्या निळ्या चिंबोऱ्या बाईंनी स्वतःच्या हाताने पलीकडच्या किनाऱ्यावर पकडल्या होत्या. रंग लावून त्या इकडे आणून सोडल्या होत्या. लाल ठिपक्याच्या होत्या त्या इथल्याच. परक्या जागी नेऊन सोडलेला जीव आपल्या घरची वाट शोधतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. कित्येक महिन्यांचं काम. रश्शात पाठी नव्हत्याच, म्हणून बाईंना त्या खडकातल्या साध्या चिंबोऱ्या वाटल्या होत्या. सकाळी बाई नाचल्या होत्या, त्या निळ्या घरी निघाल्या म्हणून. आणि चिंबोऱ्या कुठे निघाल्या होत्या, ते तुम्हाला माहीतच आहे.

सर म्हणाले, "पुढच्या बोटीने तू परत जा. माझा नाइलाज आहे."

माझ्या डोळ्यांसमोर बाई नव्हत्या, सर नव्हते. खांबाला टेकलेली कमळ होती. मी पातेल्याशेजारी खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. माझ्या खाण्यामुळे तिचं शिक्षण सुटणार, या विचाराने जीव नकोसा झाला.

बाई समोर येऊन बसल्या. त्यांनी एकच विचारलं. "फक्त निळ्याच का?"

मी सांगितलं. मोडक्या इंग्रजीत कोंबड्या सांगितल्या, नीळ सांगितली, गेरू सांगितला. दोन भाऊ वर्षभर बोलले नाहीत तेही सांगितलं. जिथे शब्द अडला तिथे सरांनी पुरवला. शेवटी आबांसमोर दिलेला शब्द आणि कमळ.

बाई हसल्या नाहीत. उठून पाण्याकडे निघून गेल्या. अंधार पडल्यावर परत आल्या.

"बहिणीचं नाव काय म्हणालीस?"

"कमळ."

"तू त्या इतक्या भराभर पकडतेस कशा? मला एकेकीला अर्धा दिवस लागतो." मग रंगाचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "उद्या पलीकडे जाऊ. तू पकड, मी रंग लावते. नव्याने सुरू करू. आणि हे काम संपेपर्यंत तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही!"

तसंच केलं. आम्ही निघायच्या जरा आधी एका सकाळी निळ्या ठिपक्याची एक चिंबोरी खरोखरच डोंगरापलीकडे आपल्या किनाऱ्यावर पोचलेली दिसली. थकलेली, एक पाय तुटलेला, पण घरी पोचली होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर हमसून रडले. मलाही घरी जायचंच होतं ना!

आले. विहारात पुन्हा मंडळी जमली, हार घातला. सरांनी माझं सगळं झाकून ठेवलं होतं. पंचशील झालं आणि आबांनी विचारलं, "काय वाकडं नाय ना झालं गं पोरी?"

आता "खोटं बोलणार नाही" म्हणून आत्ताच हात जोडलेले. लगेच कसं खोटं बोलू? कमळ त्याच खांबाला टेकलेली. तरी सांगितलं. सगळं सांगितलं. रस्सा, पातेलं, बांधावरच्या पाठी. कुणी हसलं नाही. बाबांची मान खाली गेली ती वर येईना.

आबांनी विचारलं, "तितं लाल पन होत्या?"

"होत्या आबा. खूप होत्या."

"येक बी नाय घेतलीस?"

"एक हातात आली होती. त्यांच्या दाराकडे नेऊन सोडली."

आबा बाबांकडे वळून म्हणाले, "बाल्या, मान वर कर रं. पोरगी शानी हाय तुझी. धाकटीला घाल कालेजात." आणि वर, "आन आज समदी माज्याकडं जेवाया या. कोंबडी हाय. लालवाली."

त्या दिवशी बाबा आबांच्या घरी जेवायला बसले. त्या कोंबडीनंतर पहिल्यांदाच.

कमळ शिकली. नुसती शिकली नाही, माझ्या पुढे गेली. मी शाळेत मुलांना बेडूक शिकवते आणि ती खाडीकाठच्या चिंबोऱ्यांवर संशोधन करते. मी तिला आणून दिलेली निळ्या ठिपक्याची पाठ अजून तिच्या टेबलावर आहे.

परवा तिचं काम बघायला गेले होते. चिखलात उभी राहून एकेक चिंबोरी दाखवत होती. बघते तर सगळ्यांच्या पाठीवर लाल ठिपके. नुसते लाल.

म्हटलं, "काय गं, निळा रंग मिळत नाही का इकडे?"

"मिळतो की," ती म्हणाली. "पण ताई, तू येणार असल्याचं पत्र आलं होतं ना."