भामरेसाहेबांचा व्हिडिओ डेपो

आम्ही डेपोतले जुने चौघे आजही कॉलेज रोडला चहाला बसलो, की घरून फोन आल्याशिवाय उठत नाही. एवढे किस्से साचलेत, की ठेवायला पुन्हा गोडाऊन भाड्याने घ्यावं लागेल!

मुंबईच्या एका सिनेमा कंपनीच्या पिक्चरच्या कॅसेट, पुढे सीडी, जिल्हाभरच्या दुकानांत पोचवणारा हा नाशिकचा डेपो. मॅनेजर भामरेसाहेब, सटाण्याकडचे. दर दिवाळीला मुंबईहून निरोप यायचा, 'सेल वाढवा, नाहीतर डेपो बंद.' आमचे चेहरे पडले की साहेब आपल्या अहिराणीत धीर द्यायचे, "मी शे ना!" म्हणजे, मी आहे ना!

*

साहेबांना खोटं बोलता येत नसे. दुकानदाराने विचारलं, "नवीन पिक्चर कसाय?" की साहेब खोका उलटसुलट करून म्हणायचे, "कव्हर मजबूत शे!"

दुकानदार काय ते समजायचा.

*

पेठला जानूभाऊ व्हिडिओवर पिक्चर दाखवायचे. शेवटच्या मारामारीला हमखास लाईट जायची. मग जानूभाऊ उभे राहून उरलेला पिक्चर तोंडी सांगायचे. व्हिलन मरायचा, हिरोची आई सापडायची, वर बहिणीचं लग्नही लागायचं!

एकदा चुकून लाईट टिकली. खरा शेवट बघून गाव खवळलं. दुसऱ्या दिवशी जानूभाऊ कॅसेट घेऊन डेपोत हजर.

"बदलून द्या. डिफेक्टिव्ह हाय. हिच्यात लग्नच नाय!"

साहेबांनी लग्न असलेला पिक्चर शोधून बदलून दिला.

*

सीडीच्या जमान्यात एक पिक्चर दोन सीडींवर यायचा. पहिली काढून दुसरी लावेपर्यंत घरोघरी चहा व्हायचा. मग डीव्हीडी आली, अख्खा पिक्चर एकीवर. आम्ही खूश! तर अंबडच्या कॉलनीतल्या शिरसाठ मावशी तावातावाने आल्या.

"यात मध्यंतर कुठंय? माणसांनी चहा प्यायचा कधी?"

मी समजावलं, "मावशी, रिमोटवर थांबवायचं बटण असतं."

"रिमोट ह्यांच्या हातात असतो!"

*

एका वर्षी मात्र गळ्याशी आलं. कंपनीचा एक पिक्चर धाडकन पडला आणि त्याच्या सीडींनी गोडाऊन भरलं. मुंबईने कळवलं, 'महिन्यात हा माल संपवा, नाहीतर कुलूप लावा.' चौघांची घरं त्यावर चाललेली. माझी बायको तर देव पाण्यात घालून बसली.

साहेब एकटेच सायखेड्याला गेले, आणि आठवड्याभरात सगळी खोकी तिकडे रवाना! मुंबई चाट पडली. डेपो वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले. पण पिक्चरचे निर्माते इतके हरखले, की म्हणाले, "मला माझे प्रेक्षक बघायचेत!"

आले की गाडी घेऊन, आणि आम्हालाही घेऊन निघाले सायखेड्याला! साहेबांचा चेहरा पांढराफटक.

सायखेड्याच्या द्राक्षबागांत ओळीने त्यांच्या पिक्चरच्या सीड्या दोऱ्याला टांगलेल्या, उन्हात लखलखत होत्या. बागवाल्या आप्पांनी निर्मात्यांच्या हातात द्राक्षांचा घड ठेवला.

"लय भारी पिक्चर काढला साहेब! एक पाखरू फिरकत नाय!"

आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे. गेला आता डेपो, मी मनात म्हटलं. निर्माते शांतपणे द्राक्षं खात राहिले. घड संपवला, रुमालाला हात पुसले आणि विचारलं,

"भामरे, जिल्ह्यात अशा बागा एकूण किती असतील हो?"