गाडीखालचा मुकादम

सुतार तिफण करायला बसतो, ढलप्या करायला नाही. लाकूड तासलं की ढलप्या आपोआप साचतात. किस्स्यांचंही तसंच हाय. चुडाव्याच्या अलीकडं आमचं गाव, अन् गावात रघू सुताराची पडवी. तिथं आम्ही तीन म्हातारे रोज बसतो. रघू, सखाराम अन् मी, किसन. चहा प्यायचा, एकमेकाच्या खोड्या काढायच्या, उठायचं. किस्से ढलप्यांसारखे पायाखाली येतात. या हिवाळ्यात जे साचले ते मात्र सगळे एका कुत्र्यापायी!

*

कुत्रं सखारामचं. नाव मुकादम. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम कसा, कोयत्याला हात न लावता सगळ्यांना कामाला लावतो, तसा हा. सखारामची बैलगाडी निघाली की हा बरोब्बर दोन चाकांच्या मधे खालून चालायचा. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी मीच ओढायलोय, असं लोक म्हणतात. आमच्या मुकादमाला नुसतं वाटत नव्हतं, खात्री होती! गाडी थांबली की बाहेर येऊन बैलांकडं असा बघायचा, की जणू त्यांची हजेरी घ्यायलाय.

पुढं सखारामचे गुडघे गेले. गाडीवर चढणं होईना. नांगरटीला भाड्यानं ट्रॅक्टर मिळतोच. मग त्यानं बैल अन् गाडी पालमकडच्या एका शेतकऱ्याला विकली. बैल पिकअपमधी चढले तसा मुकादम पिकअपच्या मागं रेल्वेच्या फाटकापर्यंत पळत गेला. परत आला तो थेट आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यात. बैलांच्या रिकाम्या जागी बसला, तोंड भिंतीकडं करून.

त्या दिवसापासून भुंकणं बंद. खाणं नावाला. कुणी आलं गेलं तरी कान हलंना.

"उद्या येईल ताळ्यावर," सखाराम म्हणाला.

उद्या आला. ताळ्यावर कुणी आलं नाही.

*

सखारामची बायको गोदाबाई. तिनं एका नजरेत सांगितलं, "दृष्ट लागलीय."

"कुत्र्याला कोण दृष्ट लावील?" रघू म्हणाला.

"तुमीच की! कसा रुबाबात चालतोय, कसा चालतोय, म्हणून रोज कोण म्हणत होतं?"

मीठ-मिरच्या ओवाळून गोठ्यातच मांडलेल्या चुलीत टाकल्या. गोठाभर असा ठसका उठला की रघू बाहेर पळाला, मला दिसंना, सखाराम धोतरात तोंड खुपसून बसला. मुकादम शिंकलासुद्धा नाही.

गोदाबाई डोळे पुसत म्हणाली, "माय! लयच जबर लागलीय!"

*

शेजारच्या म्हशीला बघायला परभणीहून जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. आमच्या नातीच्या वयाची पोर, पण हात शांत. मुकादमाजवळ आधी नुसतीच बसली. मग पोट चाचपलं, कान बघितले, दात बघितले, ताप मोजला.

"आजार दिसत नाही. घरात काही बदल झालाय का, काका?"

"काहीच न्हाई," सखाराम म्हणाला.

"अहो, बैल इकले ना!" गोदाबाई म्हणाली.

"बैल घरात कुठं होते? गोठ्यात होते!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला ओढून बाहेर काढू नका. भोवती गर्दी करू नका. भाकरीची वेळ चुकवू नका. कुणीतरी जवळ बसा, पण त्याच्याकडं बघत बसू नका. अन् त्याचं जे काम होतं, त्यातलं काही देता आलं तर बघा. खाणं वाढलं नाही तर मात्र मला फोन करा. असं राहिलं तर झडून जाईल हा."

"झडून जाईल" हे सखारामच्या मनाला लागलं.

*

जवळ बसायचं काम माझ्याकडं आलं. रघू म्हणाला, "किसनदा, तुझ्याइतका सावकाश माणूस तालुक्यात न्हाई. तूच बस."

मी रोज जाऊन मुकादमाकडं पाठ करून बसायचो. तो भिंतीकडं, मी बांधाकडं. वळायला दोरी घेऊन जायचो. भाकरीचा तुकडा पाठीमागं ठेवायचा अन् विसरून जायचं. पहिल्यांदा मुंग्यांनी खाल्ला. मग कोंबडीनं. पुढं एक दिवस मागं हात घातला तर तुकडा नव्हता, अन् आसपास कोंबडीही नव्हती.

मी पडवीत जाऊन सांगितलं, "खाल्ला त्यानं!"

रघू म्हणाला, "तू बघितलंस?"

"बघायचं नव्हतं ना!"

*

जरा सुधारतंय असं वाटलं, तेवढ्यात रघूला शक्कल सुचली. त्याच्याकडं जुनी घुंगुरमाळ होती. तो गुपचूप गोठ्याच्या मागं गेला अन् बैल चालल्यासारखी वाजवली. मुकादम ताडकन उठला! कान उभे, शेपटी उभी, धावत मागं गेला. तिथं रघू, हातात माळ घेऊन, दात काढून उभा.

मुकादमानं त्याच्याकडं बघितलं. वर बघितलं, मागं बघितलं. मग हळूहळू परत आला अन् पहिल्यापेक्षा आत, पार कोपऱ्यात जाऊन बसला. माझाही तुकडा बंद झाला.

गोदाबाईनं रघूच्या हातातली माळ हिसकली. "कामून फसवलंत त्याला? आता खरे बैल आले तरी त्याला तुमीच दिसताल!"

रघू दोन दिवस पडवीत मान खाली घालून रंधा मारत बसला.

*

मग ट्रॅक्टर. मुकादमाला कशाच्या तरी खालून चालायला पाहिजे, एवढं आता सगळ्यांना कळलं होतं. उभ्या ट्रॉलीखाली सखारामनं भाकर ठेवली, हाका मारल्या, गयावया केली. लय वेळानं मुकादम आला, खाली गेला, वर ट्रॉलीकडं बघितलं. बाहेर आला. टायरवर तंगडी वर केली अन् निघून गेला.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, त्यानं सही केली. नापसंत!"

*

शेवटी सखाराम कुणाला न सांगता एसटीनं पालमला गेला. बैल परत मागायला. नवा मालक भला माणूस. म्हणाला, "बैल न्या की. पर गाडीवर चढणार कोण? तुमचे गुडघे?"

एका बैलानं सखारामचा हात चाटला म्हणे. संध्याकाळी परत आला तो आखाड्यावर बाजेवर बसला, भिंतीकडं तोंड करून, जेवेना.

गोदाबाई आम्हाला म्हणाली, "आता हितं दोघं तोंड फिरवून बसलेत. डॉक्टरबाईला कुणाच्या नावानं फोन करू?"

*

थंडी वाढली. मुकादमापायीच सखाराम आखाड्यावर झोपत होता, पण गुडघे ऐकंनात. गोदाबाईनं ठरवून टाकलं, "आज बाज घरी न्यायची. त्याला यायचं तर येईल." साखळी लावायची नाही हे ठरलेलं. अन् मुकादम मागं एकटा राहिला तर तो हिवाळा काढणार नाही, हेही सगळ्यांना माहीत.

बाजेवर गोधड्यांची लांब वळकटी घातली. धूळ नको म्हणून वर सखारामचं पांढरं धोतर टाकून दोरीनं आवळलं. धोतराचे काठ दोन्हीकडं खाली लोंबत होते. बाजेचे चार खूर, म्हणजे पाय, अन् आम्ही चार. सखाराम, रघू, मी अन् गोदाबाई. खांद्यावर घेतली.

"मागं बघू नका," मी म्हणालो.

बांध आला. मागं काही आवाज नाही. सखारामचं पाऊल जड पडायला लागलं. तेवढ्यात माझ्या पोटरीला काहीतरी ओलं लागलं. खाली बघितलं, तर मुकादम! बाजेखाली बरोब्बर मधोमध, शेपटी वर करून चाललेला.

आम्ही तसेच चालत राहिलो. गाव आलं. सखारामचं घर आलं.

"ठिवा आता खाली," गोदाबाई म्हणाली.

"ठिवायची न्हाई!" सखाराम म्हणाला. "चालायलाय तो. चला."

"अहो, घर मागं राहिलं!"

"राहू दे. घर कुठं पळून जातंय!"

गुडघ्यांपायी बैल विकलेला माणूस बाज खांद्यावर घेऊन चुडावा स्टेशनच्या रस्त्याला लागला! मागं आम्ही. तिकडून दुपारच्या गाडीला उतरलेला एक पाहुणा चालत येत होता. आम्हाला बघून तो कडेला झाला. चपला काढल्या, हात जोडले. मग त्याची नजर गोदाबाईवर गेली. बाईमाणसावर खांदा द्यायची पाळी आलेली बघून त्याचा चेहराच उतरला. पिशवी तिथंच टाकून तो धावत आला.

"माय, तुमी सोडा. मी देतो."

गोदाबाईनं तोंड उघडायच्या आत त्यानं खूर आपल्या खांद्यावर घेतला. समोर बघत थोडं अंतर गंभीरपणे चालला. मग हळू आवाजात सखारामला विचारलं,

"कोण गेलं, बाबा?"

अन् खालून मुकादम भुंकला.