वाणातली पत्ताकोबी

बसा, चहा घ्या. आता मी जे सांगणार आहे त्यावर तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा. पण एक लक्षात ठेवा, एवढा मोठा गाढवपणा करायलाही थोडी हुशारी लागते, आणि ती माझ्यात पहिल्यापासूनच आहे.

नागपुरात बेसाला आमचं घर, मागे चार वाफे. दहा वर्षांपूर्वी बँकेतून रिटायर झाल्यापासून त्या वाफ्यांची मी जेवढी सेवा केली तेवढी सासूचीही केली नसेल. पाहुणे आले की आधी वाफे दाखवायचे, मग पाणी विचारायचं आणि निघताना हातात एक रोप द्यायचं, असा आमच्याकडे नियम.

मागच्या वर्षी आम्ही दार्जिलिंगला सहलीला गेलो. लोक तिथून चहा आणतात. मी माती आणली. तिथल्या एका शेतात टोपल्याएवढी पत्ताकोबी बघितली आणि मला राहवलंच नाही. पिशवीभर माती मागून घेतली आणि साड्यांच्या मधे बांधून बॅगेत भरली.

आमचे हे म्हणाले, "अवं, नागपुरात माती भेटत नाही काय?"

आता त्यांना काय कळणार? ती माती मी वाफ्यात मिसळली आणि वरून रोज उरलेलं ताक ओतायला लागले. ताकानं कोबी गोड होते, हे मीच ठरवलं होतं आणि मीच सगळ्यांना सांगत होते.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. सगळ्या बाया डबे आणि चाळण्या वाटून राहिल्या होत्या. मी म्हटलं, आपण जिवंत वाण द्यायचं. चहाचे असतात तसे मातीचे पंचवीस कुल्हड आणले, प्रत्येकात माझ्या वाफ्यातली माती आणि पत्ताकोबीचं एकेक रोप. माझी नणंद सुमन बुटीबोरीकडे दोन एकर भाजी लावते, तिचा माल कळमन्याच्या बाजारात जातो. तिला तर मातीसकट चाळीस रोपांचा अख्खा ट्रे दिला. घरचं माणूस, हात आखडून कसं चालेल?

त्यानंतर जी भेटेल तिला मी विचारायची, "काय वं, माझं रोप कसं आहे?" शेजारची मंदा म्हणायची, "काकू, नारळाएवढा गड्डा धरला." मी तर रस्त्यानं मान वर करूनच चालायची.

मार्च लागला आणि माझीच कोबी दुपारी माना टाकायला लागली. संध्याकाळी पुन्हा टवटवीत. मी म्हटलं, नागपूरचं ऊन आहे, झाडंही दुपारी लवंडत असतील. ताक वाढवलं. शेवटी एक झाड उपटून पाहिलं आणि जागीच थबकले, आनंदानं. सुतासारखी असतात ना मुळं, ती आल्याच्या गड्ड्यासारखी फुगली होती. लगेच फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मुळात दम पाहिजे.'

दहा मिनिटांत वानखडे साहेब फाटकात हजर. कृषी खात्यातून रिटायर झालेत, मागच्या लाइनीत राहतात. मला वाटलं, अभिनंदन करायला आले.

"वहिनी, दम नाही हा, रोग आहे. क्लबरूट. मुळावर अशा गाठी आल्या की पाणी वर चढत नाही, म्हणून दुपारी झाड मान टाकते."

"मग औषध सांगा ना."

"औषध नाही याले. मातीत वर्षानुवर्षं झोपून राहते. सारी झाडं मुळासकट उपटा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. वाफ्यात चुना मिसळा. पत्ताकोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, काहीच लावू नका इथं कितीक वर्षं. खुरपी धुवा, चपला धुवा. पण मले एक सांगा, याले आंबट माती लागते. आपल्या काळ्या मातीत हा सहसा दिसत नाही. तुमच्याकडे आला कुठून?"

मी दार्जिलिंगचं सांगितलं. मग ताकाचंही सांगितलं.

साहेब पायरीवर बसले. "म्हणजे तुम्ही पाहुणा घरी आणला आणि वरून त्याले रोज जेवूही घातलं. ही माती आणखी कोणाले दिली तर नाही?"

"वाणात वाटली, पंचवीस घरी. आणि नणंदेला अख्खा ट्रे." कॉलनीचं एक वेळ ठीक आहे, पण सुमन? तिचं घर त्या दोन एकरांवर चालतं. माझ्या मातीनं तिचं शेत नासलं तर पुढची कितीतरी वर्षं तिथं कोबी नाही की मुळा नाही. मला खरंच रडू फुटलं.

चपला धुतल्या आणि आधी मंदाकडे गेले, कारण ती सगळ्यात जवळ. "मंदा, माझं रोप उपटून टाक, त्याले रोग आहे."

मंदा पदराशी चाळा करायला लागली. "काकू, रागवू नका. ते रोप मी लावलंच नाही. कुल्हडातच वाळलं."

"आणि तो नारळाएवढा गड्डा?"

"तुम्ही रोज विचारून राहिल्या होत्या. काय सांगू मग?"

पुढच्या घरी गेले, तिथं कुल्हड बाल्कनीत तसंच. त्याच्या पुढच्या घरी कचरागाडीत गेलेलं. एकीनं तर तेच वाण दुसरीला दिलं होतं आणि दुसरीनं तिसरीला. पंचवीस घरं फिरले, पंचवीसही कोरडीच.

मग ह्यांना गाडी काढायला लावली आणि सुमनचं शेत गाठलं. बांधावरूनच ओरडले, "सुमन, तो ट्रे कुठं लावला?"

"वहिनी, आधी पाणी तर प्या. तो ट्रे होय? घराच्या छपरीवर आहे, वाळून कोळसा झाला. मी शेतकरीण आहे, बाहेरची माती वावरात घेत नसते. तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलं, तोंडावर नाही कशी म्हणू? पण रडून काहून राहिल्या?"

मी तिला मिठीच मारली. अशी नणंद सगळ्यांना मिळो.

संध्याकाळी साहेब पुन्हा फाटकात. "वहिनी, किती जागी पसरला?"

"एकाही नाही."

"काय म्हणता? रोखला कसा एवढा?"

मी मान ताठ केली. "दहा वर्षांची मेहनत आहे, साहेब. या कॉलनीत माझ्या हातचं रोप कोणी लावतच नाही."