चुंबकाला विचारलं, माणसाला नाही

टाकेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांनी जोडलेल्या नळीवरची वेल्डिंगची रेघ पाहिली की एखाद्याने सावकाश बसून एकसारखे टाके घातल्यासारखी दिसते, म्हणून गिऱ्हाइकांनी दिलेलं नाव. वीस वर्षं त्यांनी एका डेअरीत दुधाच्या स्टेनलेस नळ्या जोडल्या. तिथे सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी दूध नासतं. मग स्वतःचं दुकान काढलं: दोन गाड्या मावतील एवढी शेड, एक आर्गन वेल्डिंगचं मशीन आणि नळ्या कापायला-घासायला बायको. त्यांची डावी भुवई अर्धी जळलेली आहे. काम करताना श्वास रोखून धरतात, त्यामुळे तेव्हा काही विचारलं तर उत्तर मिळत नाही. हे कळायला मला दोन फेऱ्या लागल्या, कारण थांबणं माझ्या स्वभावात नाही.

त्यांचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. मी त्यांचं नुकसान केलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलायचं तोंड मला नाही.

माझी गाडी टर्बोची. नवऱ्याने हौसेने घेतली होती. नवरा गेला, गाडी राहिली, मी चालवते. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. तर ही गाडी चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. टाकेवाल्यांनी खाली वाकून नळीवर चमच्याने टकटक केली (हो, चमच्याने; तो कायम त्यांच्या खिशात असतो) आणि म्हणाले, "बाई, धुराची नळी तडकलीय, हवेच्या नळ्याही गळतायत. सगळ्या नव्या करू. धुराकडे स्टेनलेस, हवेकडे ॲल्युमिनियम."

"छे! सगळं स्टेनलेस करा. ॲल्युमिनियमची पातेली वर्षभरात पोचे पडून भंगारात जातात."

"पातेलं तापवायचं असतं, बाई. ही हवा गार राहायला हवी. ॲल्युमिनियम हलकं, उष्णता चटकन सोडून देतं. स्टेनलेस धरून बसतं, माणूस राग धरून बसतो तसं."

"मला शिकवू नका. छत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय मी."

"मग प्रश्नच मिटला," त्यांची बायको नळी घासता घासता म्हणाली.

शेवटी हवेकडे ॲल्युमिनियम चालेल असं मी कबूल केलं, उपकार केल्यासारखं. ते पुढे सांगायला लागले, "आता धुराकडच्या स्टेनलेसमध्ये दोन जाती असतात..." मी घड्याळाकडे पाहिलं. "कागदावर लिहा, सही करते." त्यांनी लिहिलं. मी सही केली. वाचलं नाही.

गाडी झकास पळायला लागली. हे आधीच सांगून टाकते, कारण तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण तीन आठवड्यांनी मी खाली वाकून पाहिलं, तर धुराच्या नळीवर तपकिरी झाक. गंज! घरात फ्रिजवर कागद अडकवायचं पिवळं प्लास्टिकचं बदक आहे, त्याच्या पोटात चुंबक. ते आणून नळीला लावलं. टच्चकन चिकटलं. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, हे वाक्य मी किती वर्गांना लिहून दिलं असेल! तशीच दुकानात गेले.

तिथे शाळेच्या बस चालवणारा एक गृहस्थ चहा पीत बसला होता. त्याच्या आठही बसच्या धुराच्या नळ्या टाकेवाल्यांकडे द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. दुकान सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात मोठं काम. हे मला माहीत होतं. रागात माहीत असलेलं आठवत नाही.

"टाकेवाले, हे काय आहे?" मी हात पुढे केला.

"बदक," त्यांची बायको म्हणाली.

बसवाला हसला आणि माझा पारा चढला. त्याला आणि टाकेवाल्यांना गाडीपाशी नेऊन मी बदक नळीला चिकटवून दाखवलं. "स्टेनलेस सांगून लोखंड घातलंत. म्हातारी दिसली की टोपी घालायची, होय?"

टाकेवाल्यांनी तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर ढकलला. "बाई, कागद वाचलात का?"

"कागद कशाला? चुंबक खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," ते म्हणाले. "पण तुम्ही त्याला विचारलंत. मला नाही विचारलंत."

एवढंच. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. बसवाल्याने कप खाली ठेवला, "बघू मग, कळवतो," म्हणाला आणि निघून गेला.

तक्रार लिहायची म्हणून आठवड्याभराने मी घरी तो कागद काढला. गोल, सावकाश अक्षर: "धुराची नळी सायलेन्सरला वापरतात त्या जातीच्या स्टेनलेसची. हिला चुंबक चिकटतं. वरून तपकिरी झाक येईल, ती आत उतरत नाही. तापल्यावर कमी फुगते, म्हणून टर्बोजवळ तडकत नाही. बाईंना सांगितलं आहे." खाली माझी सही. पदवीसकट.

माझं जुनं पुस्तक उघडलं. त्यातही होतं. निकेलवाल्या जातीला चुंबक चिकटत नाही, नुसत्या क्रोमियमच्या जातीला चिकटतं. तो अर्धा परिच्छेद मी दरवर्षी गाळत असे, परीक्षेला येत नाही म्हणून. आणि मुलांना बजावत असे, आधी प्रश्न पूर्ण वाचा! कानाची पाळी गरम होते म्हणतात, ते या वयात पहिल्यांदा कळलं.

बसवाल्याला फोन केला. "काकू, तुमचं खरं असेल," तो म्हणाला, "पण काम कालच दुसऱ्याला दिलं. मुलांच्या गाड्या आहेत, एकदा कानावर आलं की मन धजत नाही."

"अहो, मी चुकले म्हणतेय ना!"

"हो, पण तेव्हा तुम्ही फार खात्रीने बोलला होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले. कोणी नव्हतं. "चारचौघांत बोलले, माफीही चारचौघांतच मागणार," मी म्हणाले. "गिऱ्हाईक कधी येतं?"

"येईल तेव्हा येईल," त्यांची बायको म्हणाली. "हल्ली जरा कमीच येतात." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण स्टूल पुढे सरकवलं.

दोन तास बसले. मग एकजण मोडक्या पायाची लोखंडी खुर्ची घेऊन आला. मी उभी राहिले आणि त्याच्यासमोर सगळं सांगितलं: नळी, बदक, कागद, माझी चूक. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "पण माझ्या खुर्चीचा पाय होईल ना?"

बायको खुदकन हसली. टाकेवाल्यांनी हात पुढे केला. मला वाटलं खुर्चीसाठी. "ते बदक आहे का पर्समध्ये?" होतं. त्यांनी ते दारात टांगलेल्या नमुन्याच्या नळीला चिकटवलं.

आता नवा माणूस आला की विचारतोच, हे काय? मग ते स्टेनलेसच्या दोन्ही जाती समजावतात आणि म्हणतात, "एका शिकलेल्या बाईंनाही हे लोखंड वाटलं होतं. बऱ्याच जणांना वाटतं." माझ्याकडे बोट दाखवत नाहीत. मी समोर स्टुलावर बसलेली असले तरी नाही. मग मलाच बोलावं लागतं. "ती बाई मीच."

"अहो बाई, दरवेळी कशाला सांगता?" त्यांची बायको परवा म्हणाली.

"बसवाला येईपर्यंत सांगणार."

तो अजून आलेला नाही.