दहा यार्डांची साखळी

कॅनडातल्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. अंडाकृती चेंडू काखेत धरायचा, समोरच्यांना धडका द्यायच्या आणि तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांकडे. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात सर्व्हेइंग, म्हणजे जमीनमोजणी, शिकवायचो. हे दहा यार्ड मोजतात कसे, एवढ्याच कुतूहलापोटी मी एका शनिवारी आमच्या कॉलेजच्या संघाची मॅच बघायला मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

पाहतो तर दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये लोखंडी साखळी! पुण्याला शिकताना चेन सर्व्हेसाठी उन्हातान्हात ओढलेल्या साखळीची ही धाकटी बहीणच. मला कोण आनंद झाला. कोचला मी इतके प्रश्न विचारले की त्याने कंटाळून एक काठी माझ्याच हातात दिली. तो अख्खा सीझन घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला मी ती धरून उभा होतो. "लोकांचे हसबंड वीकएंडला गोल्फ खेळतात, आमचे काठी धरतात," असं बायको मैत्रिणींना फोनवर सांगायची.

आमचा संघ हरण्यात पटाईत होता. शेवटची मॅच उरली तोवर एकही जिंकला नव्हता. तिच्या आदल्या मॅचला एक धिप्पाड गडी साखळीवर कोसळला आणि ती तुटली. मी ती कोणाला न सांगता घरी नेली, बेसमेंटमध्ये बसून चेपलेल्या तीन कड्या काढल्या, पक्कडीने जोड दिला आणि गुपचूप जागेवर नेऊन ठेवली. मोजणीआधी साखळी तपासा, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला वर्गात बजावायचो. स्वतः मात्र तपासली नाही.

शेवटच्या मॅचला आम्ही एका गुणाने पुढे होतो. दीडेक मिनिट उरलेलं. आणखी दहा यार्ड पूर्ण झाले तर वेळ संपेपर्यंत चेंडू आमच्याकडेच राहणार होता. माझ्याच वर्गातला एक सडपातळ मुलगा चेंडू घेऊन घुसला आणि चौघांच्या खाली गाडला गेला. रेफरीने मोजायला बोलावलं. आम्ही साखळी ताणली. चेंडूचं टोक काठीच्या दोन बोटं पुढे होतं.

आम्ही जिंकलो. तो मुलगा हेल्मेट पोटाशी धरून हुंदके देत होता आणि बाकीचे त्याला उचलायला धावत होते.

साखळी गुंडाळताना मला राहवेना. स्टीलची टेप लावली. साखळी चार बोटं कमी भरली. मी तसाच कोचकडे गेलो आणि साखळी कमी आहे म्हणून सांगितलं. त्याने खांदे उडवले. निकाल रेफरीचा, तो आता बदलत नाही, आणि साखळी दोन्ही संघांना तीच होती, असं त्याचं म्हणणं. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण सोमवारी मी त्या मुलाला ऑफिसात बोलावलं आणि सगळं माप कागदावर काढून दाखवलं. आपण खरं बोलतो आहोत याचं मला केवढं समाधान वाटत होतं!

त्याने कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी पोचलो नव्हतो?"

"नाही."

मग त्याने विचारलं की आदल्या मॅचला तुटलेली साखळी दुरुस्त कोणी केली होती.

आज मिसिसागाच्या कॉन्डोत टीव्हीवर मॅच लावली की मी खेळापेक्षा काठ्या धरणाऱ्यांकडेच बघतो आणि स्वतःला विचारतो, त्या क्षणी मला काय झालं होतं? अजून लाज वाटते.

"माहीत नाही," मी त्या मुलाला म्हणालो.

तो उठला. दुसऱ्या कोणी हे मला सांगितलं नसतं, असं म्हणून त्याने माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. मी ते घेतले.